रब्बीच्या आवर्तनाआधी कालवा पायी पाहून घ्या

परतीचा पाऊस ओसरल्यापासून रब्बीचं पहिलं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटेपर्यंतचा काळ कालव्याची दुखणी शोधायचा असतो. एकदा पाणी सुटलं की भेगा आणि बिळं पाण्याखाली जातात. जानेवारी २०२३ मध्ये मोहोळ तालुक्यात पाटकूलजवळ उजनीचा डावा कालवा फुटला, तेव्हा ऐन रब्बीत शेतांत पाणी घुसलं.

दुरुस्तीला सरकारी पैसा आहे, पण कोणता पैसा कशासाठी हे माहीत हवं. केंद्राच्या धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पाच्या (जुन्या धरणांच्या दुरुस्तीचा प्रकल्प) दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात ७३६ धरणांसाठी १०,२११ कोटी रुपये मंजूर आहेत आणि महाराष्ट्र त्यात आहे. हा निधी धरणाची भिंत, सांडवा, दारं यांसाठी. तुमच्या चारीला, म्हणजे शेताकडे पाणी नेणाऱ्या पाटाला, तो लागू नाही. कालवा आणि वितरिका (कालव्यातून निघणारे फाटे) यांची कामं जलसंपदा विभागाच्या अंदाजपत्रकातून होतात आणि तिथे नोंद नसलेलं काम मागेच पडतं. म्हणून तोंडी तक्रारीवर थांबू नका. कालव्याच्या बाजूच्या दगडावरचा साखळी क्रमांक (कालव्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), गावाचं नाव, मोबाईलवर काढलेला फोटो आणि तारीख घालून शाखा कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या.

पाहताना भरावाच्या (कालव्याच्या मातीच्या बांधाच्या) बाहेरच्या अंगाने चाला. खेकड्यांची आणि घुशींची बिळं, वेड्या बाभळीची मुळं, खचलेली जागा टिपा. आपल्या काळ्या रानात माती फुगते-आकसते, त्यामुळे अस्तराचे काँक्रीट तुकडे उचकटतात; त्याखाली मुरमाचा थर टाकायची मागणी अर्जातच करा, नाहीतर नवं अस्तरही तसंच तडकेल. आवर्तन चालू असताना भरावातून झिरपणारं पाणी नितळ असेल तर नोंद करून लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे, तेव्हा लगेच कालवा निरीक्षकाला फोन करून प्रवाह कमी करायला सांगा. बाहेरून बोळा कोंबून गळती थांबत नाही, आतूनच बंद करावी लागते.

गावात शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था असेल तर अर्ज तिच्यामार्फतच द्या. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या कायद्याप्रमाणे संस्थेने वितरिका ताब्यात घेण्याआधी संयुक्त पाहणी आणि दुरुस्ती व्हायला हवी. ती झाल्याशिवाय हस्तांतरणावर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे. टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला त्या पाहणीला आवर्जून न्या, पाणी कुठे अडतं ते त्यालाच ठाऊक असतं.

शेतचारीचं गवत-गाळ मात्र आपणच काढायचं. नमुना ७ चा पाणी मागणी अर्ज मुदतीत भरा, पाणीपट्टीची थकबाकीही पाहून घ्या.