ट्रिगरला सगळ्यात शेवटी सोडा

क्लाऊन ट्रिगर हा समुद्री मासा दुकानात बोटाएवढा असतो, काळ्या अंगावर टपोरे पांढरे ठिपके, पिवळे ओठ, बघितला की घ्यावासाच वाटतो. पण हाच मासा 50 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वर्षभर गुण्यागोविंदाने राहून एके दिवशी अचानक सोबत्यांच्या अंगावर जातो. म्हणून बाकीचे मासे आधी टँकमध्ये स्थिरावू देत, याला शेवटी सोडा.

तो आधीच टँकमध्ये असेल तर नवीन मासा आणायच्या दिवशी दगडांची मांडणी बदला म्हणजे त्याचा ठरलेला इलाकाच राहत नाही, लाईट बंद ठेवा, आणि नव्याला चार-पाच दिवस त्याच टँकमध्ये भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा. ट्रिगर डब्यावर धडका मारायचा थांबेपर्यंत अजिबात घाई नको. मी एकदा दुसऱ्याच दिवशी सोडला, सकाळी बघतो तर बिचाऱ्याच्या शेपटीचा नुसता दांडा उरलेला, अजून वाईट वाटतं.

सोबती अंगापिंडाने दणकट हवेत, मोठा मोरे ईल, मोठा एंजल, सोहल टँग वगैरे. लायनफिश नकोच, संथ असतो आणि त्याचे लांब पर हा कुरतडतो. खेकडे, गोगलगायी तर सरळ खाऊन टाकतो.

खायला सालासकट कोळंबी, शिंपल्यासकट तिसऱ्या द्या, याचे दात सतत वाढतात ते झिजायला हवेत. आणि हीटरला गार्ड लावाच, वायरसुद्धा चावतो हा.