वीस वर्षांचा प्रोग्राम आणि प्रभारी संचालक : या चुका टाळा

वीस-वीस वर्षं चालणारा सरकारी मेडिकल रिसर्च रखडला की सगळे निधीच्या नावाने बोंब मारतात, पण बऱ्याचदा घोडं अडतं ते संचालकाच्या खुर्चीवर.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे साहेब जाईपर्यंत थांबणं. रिटायरमेंटची तारीख आधीपासून माहीत असते तरी जाहिरात निघते खुर्ची रिकामी झाल्यावर, आणि तोवर कुणाच्या तरी गळ्यात अतिरिक्त कार्यभार. तो बिचारा पगारबिलं पास करतो, ऑडिटचे आक्षेप निस्तरतो, पण पाच वर्षं बांधून घेणारी फाईल आली की ती पुढच्यासाठी ठेवून देतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. आयसीएमआरचंच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) बघा ना, महासंचालक सौम्या स्वामिनाथन २०१७ च्या शेवटी डब्ल्यूएचओत (जागतिक आरोग्य संघटना) गेल्या आणि त्यांच्या जागी बलराम भार्गव आले ते थेट एप्रिल २०१८ मध्ये. शिवाय आयसीएमआरचा महासंचालक हाच केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचा सचिवही असतो, म्हणजे अर्धा दिवस मंत्रालयातच!

उपाय? निदान सहा महिने आधी निवड, आणि जुना-नवा काही काळ सोबत. त्याहून चांगलं म्हणजे दुसरी फळी घरातच तयार करा. अमेरिकेतला फ्रेमिंगहॅमचा हृदयरोगाचा अभ्यास १९४८ ला ५,२०९ लोकांवर सुरू झाला, १९४९ ला संचालक म्हणून थॉमस डॉबर आले ते १९६६ पर्यंत राहिले, आणि मग सूत्रं गेली विल्यम कॅनेलकडे, जे आधीपासून तिथेच राबत होते. तीच माणसं वर्षानुवर्षं तपासायला बोलवायची तर हे सातत्य लागतंच.

दुसरी चूक, मोठं नाव आणलं की झालं. ह्युमन जीनोम प्रोजेक्टला, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए वाचण्याच्या प्रकल्पाला, प्रमुख म्हणून नोबेलवाले जेम्स वॉटसन होते, पण जीन्सच्या पेटंटवरून एनआयएच (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) प्रमुख बर्नाडीन हीली यांच्याशी वाजलं आणि १९९२ ला ते बाहेर. १९९३ ला फ्रान्सिस कॉलिन्स आले, त्यांनी २००३ ला काम तडीस नेलं. पेटंट, डेटा, भरती यावर शेवटचा शब्द कुणाचा हे नेमणुकीआधीच कागदावर घ्या.

आणि टिकवायचं असेल तर नुसता पगार वाढवून भागत नाही. खरेदीच्या फायली बघायला वेगळा अधिकारी द्या, आठवड्यात एखादा दिवस स्वतःच्या लॅबला सोडा, मुदतवाढीचा निर्णय शेवटच्या महिन्यात नको, वर्षभर आधी कळवा. नाहीतर तो माणूस गुपचूप दुसरीकडे अर्ज टाकतोच.