‘दोन्ही संघ गोल करतील का?’ भाव लावताना या चुका टाळा

नागपुरात आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. फुटबॉल मॅचआधी आणि मॅच चालू असतानाही ‘दोन्ही संघ गोल करतील का?’ यावर हो-नाहीचे भाव लागतात. ‘हो’ ५५ वर गेला, म्हणजे गटाला ते घडण्याची शक्यता ५५ टक्के वाटते. भावाइतके गुण देऊन एक बाजू घ्यायची; बरोबर बाजूला १०० गुण, दुसरीला शून्य. सगळा हिशेब वहीतल्या गुणांचा. पैसे लावून खेळायचे असले ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्यानं बंद झाले. तरी आडमार्गानं ॲप कसं चालवायचं हे विचारायला पोरं येतात, त्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे किती मिनिटांचा खेळ धरायचा हे आधी न ठरवणं. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी-अल्जेरिया. आपल्याकडे रात्रीचा दीड, नागपूरच्या महाल भागात मित्राच्या घरी, बाहेर पाऊस. ९० मिनिटं ०-० झाली. माझ्याकडे ३८ ला घेतलेला ‘नाही’ होता, मी वही मिटली. जादा वेळेत (बरोबरी झाली की बाद फेरीत खेळवतात ती ३० मिनिटं) ९२ व्या मिनिटाला जर्मनीच्या शुर्लेनं टाचेनं गोल मारला, १२० व्याला ओझिलनं, आणि अगदी शेवटी अल्जेरियाच्या जाबूनं. २-१. समोरचा लगेच म्हणाला, “भाऊ, दोघायनंही मारला ना! काढा शंभर.”

आणि नियम कुठंच लिहिलेला नव्हता. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही भांडण मिटलं नाही. एक जण त्यानंतर वर्षभर आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: ९० मिनिटं आणि त्यात वाया गेलेल्या वेळेपोटी शेवटी मिळणारी मिनिटं, बस. जादा वेळ नाही, पेनल्टी शूटआउट नाही. दुसऱ्याच रात्री बेल्जियम-अमेरिका, पुन्हा ०-० आणि जादा वेळेत २-१. यावेळी कोणी चकार शब्द काढला नाही.

स्वयंगोल, म्हणजे खेळाडूनं चुकून आपल्याच जाळ्यात मारलेला गोल, चालतो. २०२२ मध्ये कॅनडानं मोरोक्कोविरुद्ध एकही गोल स्वतः मारला नाही, तरी १-२ मधला तो १ कॅनडाचाच.

दुसरी चूक नवीन पोरांची हमखास. “दोन्हीकडं भारी स्ट्रायकर आहेत, ‘हो’च होणार!” अरे, एक संघ गोल करण्याची शक्यता ८० टक्के आणि दुसऱ्याची ५०, तर दोघांची मिळून ६५ होत नाही. गुणाकार करा, ४० येतो. एक गोल पडल्यावर दुसरा संघ मोकळा खेळायला लागतो, म्हणून आकडा थोडा हलतो, पण ५० च्या वर कधीच जाणार नाही. दुबळा संघच भाव ठरवतो. मी भाव बघण्याआधी वहीच्या समासात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहितो. भाव आधी दिसला की डोकं त्याच्याच मागं जातं. हे दोन मिनिटांचं काम, पण तेवढाही धीर बहुतेकांना नसतो.

सत्तराव्या मिनिटाला ०-० असताना ‘हो’ ८ ला दिसतो आणि “स्वस्त आहे” म्हणून घेतात. वीस मिनिटांत दोन गोल हवेत, तेही दोन बाजूंनी! १-० ला एकच लागतो.

पुष्कळ गोल म्हणजे ‘हो’ असंही नाही. ४-० ला ‘नाही’च जिंकतो. आणि मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांची यादी येईपर्यंत थांबा, ती साधारण तासभर आधी येते.