पाचनंतरचं कॉलेज

मी तळेगावची. तीन वर्षं लोकलने पुण्यात शिवाजीनगरला उतरून कॉलेज केलं. यंदा आमच्या आळीतली दोन पोरं फर्स्ट इयरला लागलीत आणि त्यांच्या आया मला विचारतात, "हॉस्टेल बघावं का गं?" परवडत असेल तर बघा. नसेल तर पुढचं पहिल्याच महिन्यात जमवून टाका.

आधी पास. कॉलेजच्या ऑफिसातून सवलतीचा फॉर्म घ्यायचा, स्टेशनवर द्यायचा. तीन महिन्यांचाच काढा, रांग एकदाच लागते. संपायची तारीख मोबाइलमध्ये टाका. टीसी नेमका दुसऱ्या दिवशी भेटतो.

गाडीत अभ्यास होतो, हे घरच्यांना सांगायला ठीक आहे. जर्नल लिहून होतं ते आकुर्डीपर्यंत. चिंचवडला गर्दी चढली की वही सॅकमध्ये. आकृत्या तर काढूच नका. देहूरोडच्या धक्क्याने माझ्या बेडकाच्या हृदयाला चौथा कप्पा फुटला होता. दुपारी लोणावळ्याकडच्या गाड्या विरळ असतात, तेव्हा लेक्चर लवकर सुटलं तर प्लॅटफॉर्मवर बसण्यापेक्षा लायब्ररी बरी.

खरी गोची पाचनंतर होते. आपण पळत गाडी पकडतो आणि मागे कॉलेज चालूच राहतं. एकदा सबमिशनची तारीख अलीकडे आली. रात्री आठला हॉस्टेलच्या व्हरांड्यात सगळ्यांना कळलं, मला दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात. म्हणून हॉस्टेलमधली एक तरी घट्ट मैत्रीण हवी. माझी नांदेडची होती. रविवारी संध्याकाळी तिची मेस बंद, वडापाववर भागवायची. मी सोमवारी आईची थालीपिठं न्यायचे. बदल्यात रात्री दहाला तिचा मेसेज यायचा, आज काय काय ठरलं त्याचा. शिवाय तिच्या कपाटातला अर्धा कप्पा माझा: ॲप्रन, डिसेक्शन बॉक्स, एक छत्री. रोजची सॅक निम्मी झाली. थालीपिठांचा सौदा तिला महागात पडला असं ती अजून म्हणते.

दुसरं, सगळीकडे हात घालू नका. एकच उद्योग निवडा आणि त्यासाठी घरी भांडा. मी पुरुषोत्तम करंडक निवडला. 1963 पासून चाललेली एकांकिका स्पर्धा. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांतून "अरे आव्वाज कुणाचा" ऐकलं की आपलंही नाव कुठेतरी असावं असं वाटतंच. पण तालमी रात्रीच्या. भूमिका मागितली असती तर पहिल्या आठवड्यात कटले असते, म्हणून बॅकस्टेज घेतलं. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी करणं, सामान मिळवणं ही कामं दिवसा होतात. घरी "उशीर होईल" असं मोघम सांगू नका, गाडी सांगा. आमचं ठरलं होतं: आठवड्यातून दोनच दिवस उशिराची लोकल, गाडीत बसल्यावर फोन, बाबा स्कूटर घेऊन स्टेशनवर. तिसरा दिवस मागितला की बोलणी फिसकटायची, तेव्हा तो मागायचा नाही.

आता तुमचं सोपं आहे. 2024 मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली, त्यामुळे सदाशिव पेठेतून निघून मंडईला बसलं की थेट पिंपरी, पुढे लोकल. शेवटच्या लोकलच्या भरवशावर मात्र राहू नका, तिच्या आधीची धरा.

आणि हॉस्टेलवाल्यांचा हेवा वाटलाच तर त्यांना एका शनिवारी घरी आणा. माझी मैत्रीण यायची ती पिशवीभर धुणं घेऊन. रविवारी अकरापर्यंत ढाराढूर झोपायची. आई तिला उठवायची नाही, मला उठवायची.