उपासना नियमित, तरीही देव दूर वाटत असेल तर

रविवार चुकत नाही, वर्गणी थकत नाही आणि तरीही देव परका वाटतो, अशी खंत कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाला वाटत असेल, तर त्याने उपासना सोडू नये. येशू स्वतः आपल्या रीतीप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात जात असे. पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश देऊन न्याय, दया व विश्वास विसरणाऱ्या परूशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथीयांना, मात्र त्याने खडसावले.

सुरुवात घरातून करावी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे खोलीचे दार लावावे, मोबाइल बाहेर ठेवावा आणि बायबलमधील एकच स्तोत्र मोठ्याने वाचावे. जी ओळ मनाला लागेल तिथे थांबून आपल्या रोजच्या बोलीत देवाशी बोलावे: उसाचे बिल अडले असेल तर ते, भावाशी अबोला असेल तर तोही. रागही लपवू नये. 13 वे स्तोत्र तक्रारीनेच सुरू होते. माझ्या मते, पाठ केलेल्या सुंदर प्रार्थनेपेक्षा हे अडखळते बोलणे अधिक मोलाचे आहे.

मग चर्चमध्ये जावे. न्यू शाहूपुरीतील वाइल्डर मेमोरियल चर्च असो वा गावाकडची लहान मंडळी, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे भजन गाताना आठवड्यात लागलेली ती ओळ मनात असू द्यावी. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधील भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या दिवशी मात्र अबोला असलेल्या त्या भावाला आधी फोन करावा.