एप्रिल-मेमध्ये आल्प्सला गाडी घेऊन जाताय? आधी घाट कुठले उघडे आहेत ते बघा

शाळेच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची बरीच मंडळी युरोपला निघतात, आणि आता टूरच्या बसपेक्षा स्वतः गाडी चालवत आल्प्स बघू म्हणणारे पण वाढलेत. छान आहे, जाच. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, व्हिडिओत बघून आपण ज्या घाटांच्या प्रेमात पडतो ते जवळपास सगळे या दिवसांत बंद असतात. इटलीतला स्टेल्व्हिओ (२७५७ मीटर) साधारण मेअखेर नाहीतर जूनच्या सुरुवातीला उघडतो, स्वित्झर्लंडचे फुर्का, ग्रिमसेल, सुस्टन पण त्याच सुमारास, ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता त्यातल्या त्यात लवकर म्हणजे मेच्या सुरुवातीला. तारीख दरवर्षी बर्फ ठरवतो, त्यामुळे "आम्ही गेलो तेव्हा चालू होता" यावर अजिबात जाऊ नका.

पण काही घाट वर्षभर चालू ठेवतात, आणि माझं प्रामाणिक मत आहे की वसंतातली ट्रिप त्यांच्यावरच बेतावी. आम्ही केलेला रूट सांगते: झ्युरिकहून कूर, तिथून जुलियर पास (२२८४ मीटर) चढून सिल्व्हाप्लाना, मग त्सेर्नेत्स, ओफेन पास (२१४९ मीटर), म्युस्टाएर, तिथे इटलीत शिरून फिन्शगाऊ खोऱ्यातून मेरानो. परत येताना रेशेन पास (साधारण १५०० मीटर), ऑस्ट्रियातलं लँडेक, आर्लबर्ग, फेल्डकिर्ख आणि पुन्हा झ्युरिक. सगळं मिळून ६५० किमीच्या आसपास होतं, दोन दिवसांत पण उरकता येईल पण तसं करू नका, सहा-सात दिवस द्या.

या रूटची मजा उंचीत आहे. जुलियरवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ, खाली सिल्व्हाप्लानाचं तळं एप्रिलमध्ये बऱ्याचदा गोठलेलंच असतं, आणि मेरानो आहे फक्त ३२५ मीटरवर, तिथे लोक हाफ शर्टात बाहेर बसून कॉफी पितायत. म्हणजे दोनेक दिवसांत आपण हिवाळ्यातून उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. मधे ओफेन पासचा रस्ता स्विस नॅशनल पार्कातून जातो (१९१४ चं आहे ते), आणि म्युस्टाएरला सेंट जॉनचा मठ आहे, आत नवव्या शतकातली भित्तिचित्रं, युनेस्कोच्या यादीत १९८३ पासून. तासभर थांबाच.

आणि फिन्शगाऊ! सगळं खोरं सफरचंदाच्या बागांचं. बहर साधारण एप्रिलच्या मध्यापासून खालच्या भागात सुरू होतो आणि हळूहळू वर सरकतो, म्हणून एका गावात फुलं झडलेली दिसली तर हिरमुसू नका, वरच्या अंगाला पंधरावीस किमी जा, तिथे मिळतील. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर शेतकरी बागेवर स्प्रिंकलरने पाणी सोडतात. फुलांवर बर्फ धरतो आणि पाणी गोठताना जी उष्णता बाहेर पडते तिने आतलं फूल वाचतं, मात्र पाणी ऊन येईपर्यंत चालू ठेवावं लागतं. सकाळी सूर्य आला की अख्खी बाग काचेची. माझं माहेर निफाडकडचं, थंडीत द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत, त्यामुळे ते बघताना मला भरून आलं होतं.

स्टेल्व्हिओचा ४८ वळणांचा रस्ता याच खोऱ्यातून फुटतो, अगदीच राहवत नसेल तर ट्राफोई गावापर्यंत जाऊन या, पुढचा घाट बंद असला तरी तिथपर्यंत दिसतं ते कमी नाही. मात्र रेशेनच्या तळ्यातलं चर्चचं शिखर बघायला जाणार असाल (१९५० मध्ये धरणात ग्राउन गाव बुडलं, त्याची ती खूण) तर वसंतात पाणी खूप उतरलेलं असतं, फोटोतल्यासारखं निळं पाणी न दिसता चिखल दिसू शकतो.

हॉटेलचं बघून घ्या. ईस्टर झालं की स्कीइंगच्या गावांत मधला मोसम असतो, रोपवे दुरुस्तीला बंद, निम्मी हॉटेलं नि रेस्टॉरंट्स बंद. आम्ही एका डोंगरातल्या गावात बुकिंग केलं, रात्री पोचलो तर जेवायला एकही जागा उघडी नाही, मुलांना बिस्किटांवर झोपवलं. तेव्हापासून मुक्काम खालच्या मोठ्या गावात आणि वर फक्त दिवसा. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं पण बंद असतात, शनिवारीच भरून ठेवा.

कागदपत्रं: इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट सारथी पोर्टलवर अर्ज करून आरटीओकडून मिळतं, १ वर्ष चालतं, मूळ लायसन्स पण बरोबर ठेवा. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार तिथला. भाड्याची गाडी इटली आणि ऑस्ट्रियात नेणार हे बुकिंग करतानाच सांगा, आणि विंटर टायर आहेत का ते विचारा, एप्रिलच्या मध्यापर्यंत या भागात त्यांचे नियम लागू असतात आणि बर्फ काही तारीख बघून पडत नाही. स्विस मोटरवेचं विन्येट (टोलचा पास) वर्षाचं ४० फ्रँक, स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीला ते असतंच, ऑस्ट्रियासाठी १ दिवसाचं डिजिटल घ्या. आर्लबर्गच्या बोगद्याला वेगळा टोल आहे.

घाटात चालवणं आपल्याला नवं नाही, वरंधा-ताम्हिणी उतरलेल्यांना तर नाहीच. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड कसा लावतात ते झ्युरिकच्या पार्किंगमध्येच शिकून घ्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पण स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पोस्टबस (टपाल खात्याची प्रवासी बस) समोर आली की डोंगरी पोस्टाच्या रस्त्यांवर तिचा हक्क पहिला, निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की समजा असा रस्ता आहे, बस तीन सुरांचा हॉर्न वाजवते, तो ऐकू आला की रुंद जागा बघून थांबायचं. घाटाच्या पायथ्याशी पाटी असते, "ऑफन" म्हणजे चालू, "गेश्लॉसन" म्हणजे बंद, इटलीत "किऊझो" दिसलं तर वळायचं.

रोज रात्री दोन गोष्टी बघा, पासचा वेबकॅम आणि पहाटेचं तापमान. पारा शून्याखाली जाणार असेल आणि घाट चढायचा असेल तर दहाच्या आधी निघू नका, सावलीतल्या वळणांवर काळा बर्फ (रस्त्यावरचा न दिसणारा पातळ थर) असतो. त्या दिवशी मेरानोकडे असाल तर मात्र सूर्य उगवायच्या आत बागांपाशी पोचा.