इंग्रजी बोलण्याची भीड चेपण्यासाठी ‘गेस हू?’

इंग्रजी वाचता येते, लिहिताही येते, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते, अशा मुलांना आणि मोठ्यांनाही ‘गेस हू?’ हा दोघांनी खेळायचा बैठा खेळ फार उपयोगी पडतो. प्रत्येकासमोर 24 चेहऱ्यांचा पट असतो आणि समोरच्याने मनाशी ठरवलेला चेहरा, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारून ओळखायचा असतो. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडले की प्रश्न तयार होतो. इंग्रजीत मात्र ‘डज’ किंवा ‘इज’ आरंभी आणावे लागते आणि आपली गाडी नेमकी तिथेच अडते. ‘ही हॅज अ बिअर्ड?’ म्हणणाऱ्याच्या तोंडी काही डावांनंतर ‘डज ही हॅव अ बिअर्ड?’ बसू लागते, कारण त्याचे लक्ष व्याकरणाकडे नसून त्या दाढीवाल्याकडे असते.

चूक झाली म्हणून डाव थांबवू नये. ‘येस, ही डज’ असे योग्य रूप उत्तरातच उच्चारून पुढे जावे. विकतचा खेळ नसल्यास घरच्या लग्नातले वीसेक फोटो मधोमध मांडावेत आणि निवडलेले नाव चिठ्ठीवर लिहून ठेवावे (मावशीच्या चष्म्यावरून होणारी हसाहस वेगळीच). अक्षरे जुळवून शब्द बनवण्याच्या ‘स्क्रॅबल’ या खेळाचा मोह मात्र सुरुवातीला टाळावा. त्याने स्पेलिंग पक्के होते, पण अख्खा डाव एक वाक्यही न बोलता जिंकता येतो.